नाव संपेपर्यंत

खोली बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी मला भाडं सांगितलं नाही, अनामत सांगितली नाही, आडनावावरून गाव काढायचाही प्रयत्न केला नाही. जव्हारच्या त्या बैठ्या घराच्या ओट्यावर ते छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. पोटस म्हणतात. का?"

मी आश्रमशाळेवर नुकताच रुजू झालो होतो. सामान्य ज्ञानाची पुस्तकं घोकूनच नोकरी लागलेली. मी ऐटीत सांगितलं, "प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स. आद्याक्षरं जोडून पोटस."

"ते कोणीही सांगेल. का म्हणतात?"

"मोठ्या माणसाला मानाने म्हणत असतील."

"चूक. हात दुखतो म्हणून."

एवढं बोलून त्यांनी छत्रीच्या टोकाने जमिनीवर तीन ठोके दिले. "खोली दिली. पाणी सकाळी. पाहुणे चालतील. भाषणं नकोत."

मी बावचळून उभा राहिलो. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मास्तरांच्या बोलण्याचा अर्थ लावून सांगणं हा त्यांचा जन्माचा उद्योग होता. म्हणाल्या, "बसा भाऊ. यांना तुम्ही पसंत पडलात. उत्तर चुकलं तरी चालतं यांना, पण लांबलं की खोली मिळत नाही. मागच्याने अर्धा तास अमेरिकेचा इतिहास सांगितला. त्याला चहासुद्धा मिळाला नाही."

गावात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. तारा बंद होऊन जमाना लोटला, पोस्टातलं ते कडकट्ट करणारं यंत्र कुठल्या अडगळीत गेलं देव जाणे, पण मास्तरांच्या जिभेवरून तार काही उतरली नाही. एकेका शब्दाला जपून बोलायचे. बाजारात नागली म्हणजे नाचणी घेताना दुकानदार नव्या पिकाचं कौतुक सांगायला लागला की हे म्हणायचे, "कळलं. पायली." कुणाच्या घरी दुःखाला गेले तर चार माणसं रीतीप्रमाणे देवाची करणी, संसाराची रीत वगैरे बोलत, आणि मास्तर घरच्या कर्त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "पोरं जेवली?" खरं सांगतो, त्या दोन शब्दांनी जेवढी माणसं रडताना मी पाहिली तेवढी लांब भाषणांनी पाहिली नाहीत.

माणसांची नावंही ते छाटायचे. मी 'भाशि' होतो, भाडेकरू शिक्षक. पंचायत समितीच्या सभापतींचं 'पंसस' केलं होतं. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांची, आमदार-खासदारांची त्यांनी अशीच मुटकुळी बांधलेली होती, आणि एखादा कार्यकर्ता दुखावून म्हणाला की मास्तर, साहेबांचं नाव नीट घ्या, तर हे शांतपणे सांगत, "अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला चालतं. तुमच्याला चालेल."

पोटसची हकीकत मात्र ते नीट सांगत. एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. आठवीतली पोरं पुढ्यात बसलेली. पोटस म्हटल्यावर दोघातिघांनी आपापल्या पोटावरून हात फिरवला, हशा झाला, मास्तरांनी होऊ दिला. मग म्हणाले, "अमेरिकेत तारवाले होते. आमच्यासारखे. वर्तमानपत्राच्या बातम्या तारेने पाठवायचे. बातमीत राष्ट्राध्यक्ष दहा ठिकाणी. दर वेळी सगळं पद ठोकायचं. अक्षर अक्षर. बोटं मोडायची. म्हणून त्यांनी आपसात ठरवलं. पहिल्यांदा नुसतं पॉट म्हणायचे. मग पुढची अक्षरं लागली. वरच्या कोर्टाचंही तसंच छोटं केलं होतं. हे राष्ट्राध्यक्षाने केलं नाही. त्याच्या पक्षाने केलं नाही. ठोकणाऱ्याने केलं."

मागच्या बाकावरची एक मुलगी धीट होती. ती म्हणाली, "मंग तो रागवला नाय?"

मास्तर तिच्याकडे वळले. "नाही रागवला," ते म्हणाले. "त्याला कळलंसुद्धा नसेल, बाई." आणि एकदम टेबलावर तीन ठोके देऊन उठले. तास अर्धाच झाला होता. मुलीचं काही चुकलं का, असं मला उगीच वाटून गेलं.

हे तीन ठोके म्हणजे मास्तरांची खूण होती, आणि सगळ्या तालुक्याला तिची धास्ती होती. सभेत मास्तर पहिल्या रांगेत बसत. वक्त्याचा मुद्दा ज्या क्षणी संपे त्या क्षणी त्यांची छत्री तीनदा वाजे. वक्ता पुढे कितीही बोलो, मास्तरांच्या लेखी सभा संपलेली असे. लोक हसत. मीही हसत असे. शिक्षक संघटनेच्या एका पुढाऱ्याचं भाषण तर 'मी आज इथे' एवढ्यावरच त्यांनी ठोकून संपवलं होतं, आणि तो बिचारा पुढे सबंध भाषणभर छत्रीकडे बघत बोलला.

एकच माणूस होता ज्याचं नाव ते कधी छाटत नसत. मोबाइलला रेंज नसली, वीज गेली, कुठली तार तुटली, की मास्तर म्हणत, "करंजपाड्याचा जान्या लखमा दिघा असता तर एव्हाना लागली असती." पाड्यासकट, बापाच्या नावासकट. मला वाटायचं, असेल कुणीतरी जुना इंजिनिअर. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगायची. जे त्यांचं बोलणं आहे ते त्यांनीच बोलावं." आणि कधी नव्हे त्या उठून आत गेल्या.

दसरा झाला की मास्तर एका सकाळी मोखाड्याच्या जीपमध्ये बसत. जव्हार-मोखाडा रस्त्यावर एका वळणावर तारेच्या जुन्या लाइनीतला एक लोखंडी खांब उरलेला आहे. बाकीचे भंगारात गेले, हा का राहिला कुणास ठाऊक. जीपवाले त्या वळणावर न सांगता थांबत. मास्तर उतरत, दगडाने खांबावर तीन ठोके देत, खांबाला कान लावून थोडे थांबत आणि परत गाडीत येऊन बसत. नवीन उतारू चुळबुळ करू लागला की ड्रायव्हर सांगे, "आपला तारबाबा हाय. बसा गुपचूप."

एका वर्षी काकूंनी मला सोबत पाठवलं. मास्तरांचे गुडघे धरत होते. ठोके देऊन झाले, आणि ते गाडीत बसायच्या ऐवजी खांबाशेजारच्या दगडावर बसले. ड्रायव्हरला हाताने जा म्हणाले. मागून दुसरी जीप मिळाली असती. उतारावरची नाचणी पिकून तांबूस झाली होती. मास्तर बोलायला लागले आणि मी चकित झालो, कारण ते पुरी वाक्यं बोलत होते. एकही शब्द गाळत नव्हते.

त्या वेळी ते तरुण होते आणि त्यांची नेमणूक मोखाड्याला होती. एक मंत्री दौऱ्यावर यायचे होते. कमानी बांधल्या होत्या, शाळेची पोरं लेझीम घोटत होती, लांबलांबच्या पाड्यांवरची माणसं आदल्या दिवसापासून येऊन झाडांखाली उतरली होती. आणि परतीच्या पावसाने तार तोडली. मंत्री निघाले की नाही, कुठे पोचले, काही कळेना. सगळे साहेब लोक मास्तरांच्या खिडकीपाशी येऊन विचारायचे, तार आली का, तार आली का.

"करंजपाड्याचा जान्या लखमा दिघा हा माझा लाइनमन होता," मास्तर म्हणाले. "माझ्याच वयाचा. मी त्याला सांगितलं, जान्या, काहीही करून तार जोड. तो म्हणाला, 'जोडताव मास्तर, पण आभाळ बरा नाय. लवकर उतरवा मना.' आमची खूण ठरलेली होती. लाइनमनजवळ खांबावर तार तपासायचं एक छोटं यंत्र असायचं. त्याने एक ठोका दिला की जोड पक्का. दोन दिले की जोड कच्चा आहे, मी वर धरून बसलो आहे. आणि माझं काम झालं की मी तीन ठोके द्यायचे. तीन म्हणजे उतर."

त्या दिवशी दोन ठोके आले. ऐनाचं झाड लाइनीवर कललं होतं. ओली फांदी टेकली की तार मुकी व्हायची, म्हणून जान्या खांबावर बसून बांबूने तार फांदीपासून दूर धरून होता.

"आणि संदेश सुरू झाला," मास्तर म्हणाले. "पलीकडचा तारवाला ठोकू लागला. आधी मंत्र्यांचं नाव. नावाच्या आधी माननीय, नामदार. नावाच्या मागे खाती. एवढी खाती होती त्या माणसाकडे! मग दोन-तीन मंडळांचं अध्यक्षपद. सगळं पुरतं, अक्षर न् अक्षर. आम्ही तारवाले एरवी आपसात सगळं छाटायचो. पण मंत्र्याचं पद कोण छाटणार? उद्या कुणी विचारलं तर? तो पलीकडे घाबरत होता, मी अलीकडे. मग मजकूर आला. पावसामुळे दौरा रद्द. संपलं. एवढंच होतं. आणि मग खाली सही म्हणून पुन्हा तेच नाव सुरू झालं. माननीय, नामदार, खाती."

मास्तर थांबले. रस्त्यावरून एक एसटी गेली.

"बाहेर गडगडत होतं. मला सगळं कळलेलं होतं. दौरा रद्द हे कळलं होतं. पुढे नुसतं नाव उरलं होतं. मी यंत्राच्या कळीवर हात ठेवला. मधेच तोडून तीन ठोके द्यावेत, जान्याला उतरवावं, असं मनात आलं. आणि मी हात मागे घेतला. मंत्र्याचं नाव मधे कसं तोडायचं, म्हणून मी नाव संपायची वाट पाहिली. नाव संपलं नाही. यंत्रातून ठिणगी उडाली आणि तार मेली. मी तीन ठोके दिले. देत राहिलो. मेलेल्या तारेवर."

वीज याच खांबावर पडली होती. जान्या खाली सापडला. बांबू हातातच होता.

"मंत्र्याने कधी विचारलंच नसतं," मास्तर म्हणाले. "त्याला कळलंसुद्धा नसतं. तुझ्या शाळेतली ती पोरगी बोलली ना, तसंच. भीती आमची होती. नाव लांब करणारा कुणी वेगळाच असतो आणि ते संपेपर्यंत वर टांगलेला वेगळा."

करंजपाड्यावर सांगायला मास्तर स्वतः गेले होते. जान्याची बायको रडली नाही. तिने विचारलं, "काय मोठा काम होता त्या तारेत, मास्तर?" मास्तरांना दौरा रद्द हे शब्द तोंडातून काढता आले नाहीत. ते म्हणाले, सरकारी काम होतं, मोठं होतं. ती म्हणाली, "मंग ठीक." ते 'मंग ठीक' आपल्याला अजून गिळता आलेलं नाही, असं मास्तर म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दुसरी जीप येईपर्यंत तसेच बसून राहिलो. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं त्या छत्रीला हसलो याचंही.

आता माझं सांगतो. माझा आवाज बरा आहे, म्हणून तालुक्यात कुठेही कार्यक्रम असला की माइक माझ्या हातात येतो. सूत्रसंचालक म्हणजे दुसरं काय, नावांचा हमाल. संयोजक चिठ्ठी देतो, आपण वाचायचं. व्यासपीठावर पंचवीस माणसं असतील तर पंचवीस पदं, आणि एक जरी गळलं तरी माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो.

अलीकडचीच गोष्ट आहे. मोखाडा तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराचं उद्घाटन होतं. दिवस परतीच्या पावसाचेच. मोठे नेते यायचे होते. जुन्या लोकांचा सत्कारही ठेवला होता आणि त्यात तारमास्तर होते. काकूंनी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. संयोजक हा तिथला उमदा कार्यकर्ता, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं होतं. दारावर फीत बांधलेली, आणि मंडप बाहेर. तो मला म्हणाला, "गुरुजी, सगळी पदं वाचायची. साहेबांची तर मागेपुढे दोनदा. मग फीत, मग आत. एक शब्द गळला तर तुमची बदली मी नाही थांबवू शकणार." बदली म्हणजे माझी बायको एका टोकाला, मी दुसऱ्या. हे त्याला ठाऊक होतं.

नेते उशिरा आले. ते बसले आणि वारा सुटला. बघता बघता मंडपाचं कापड शिडासारखं फुगलं. पाड्यावरची माणसं धावली आणि एकेकाने एकेक खांब मिठीत धरला. दोघेजण वर चढून आडव्या लोखंडी नळीवर बसले, कापडाची दोरी हाताला गुंडाळून. खाली बायकापोरं खचाखच. समाजमंदिर दहा पावलांवर, पण दाराला फीत. मी वाचत होतो. माननीय, आदरणीय, लोकप्रिय, कार्यसम्राट. वर बसलेल्यांतला एकजण ओरडला, "गुरजी, आटपा! हात सुटतात!" संयोजकाने मला डोळ्यांनी सांगितलं, वाचा. लांब डोंगरावर आभाळ वाजलं.

मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत मास्तर बसले होते. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ते मान वर करून त्या नळीवरच्या माणसांकडे बघत होते, आणि त्यांचा हात छत्रीवर होता, पण छत्री हलत नव्हती. ओठ मात्र हलत होते. मी जन्मात कुणाच्या चेहऱ्यावर एवढी भीती पाहिली नाही. ते ठोके देऊ शकत नव्हते. पुन्हा तेच झालं होतं.

माझ्या हातातल्या कागदावर साहेबांचं नाव अजून यायचं होतं. मी कागद खिशात घातला. म्हणालो, "व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. साहेब, फीत कापा. बायकापोरं आधी आत. मंडपात कुणी थांबू नका."

संयोजकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण साहेब उठले. कात्रीचं तबक येईपर्यंतही थांबले नाहीत, हातानेच फीत ओढून तोडली आणि दारात उभं राहून पोरांना आत घेऊ लागले. माणसं ओसरली. शेवटची म्हातारी आत गेली तसा मी माइकवर बोटाने तीन ठोके दिले. टक, टक, टक. ते कर्ण्यातून सगळ्या गावभर वाजले. "उतरा रे! सोडा!"

वरचे दोघे उतरले. खांब धरलेले पळाले. मागोमाग कापड फाटलं आणि मंडप लोखंडासकट खाली बसला. आत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यालाही कळलं नसेल.

सत्कार राहूनच गेला. शाली भिजल्या होत्या. माझी बदली झाली नाही, पण माइक कायमचा गेला, आणि तालुक्यात माझं नाव 'दोन शब्दांचा गुरुजी' पडलं. संयोजक अजून बोलत नाही. साहेबांनी मात्र जाताना फक्त चहा आहे का विचारलं. त्यांचं नाव वाचलं गेलं नाही हे त्यांच्या लक्षात तरी आलं होतं की नाही, मला शंका आहे.

परतताना जीपमध्ये मास्तर माझ्या शेजारी बसले होते. इस्त्रीचा सदरा ओला होऊन अंगाला चिकटला होता. मग त्यांनी विचारलं, "सगळे उतरले?"

"उतरले मास्तर."

"वरचे दोघे?"

"तेही. माझ्यासमोर उतरले."

त्यांनी मान हलवली. पाऊस थांबला होता. वळण आलं आणि ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली, दार उघडायला हात मागे टाकला. मास्तरांनी काचेतून त्या खांबाकडे पाहिलं. करंजपाड्याच्या जान्या लखमा दिघाचं नाव त्यांनी सगळंच्या सगळं घेतलं, सावकाश. मग ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चल. थांबू नको आज. उतरला तो."